मुंबईची लाईट जाते तेव्हा

मागच्या भागात आपण पिठाच्या गिरणीच्या वीजबिलावर बोललो. त्यानंतर एका गटाच्या बैठकीत एक ताई मला म्हणाल्या, "मॅडम, मुंबईची लाईट कधी जातच नाही म्हणे. खरं का?" मी म्हणाले, जाते. मी स्वतः त्यात अडकलेली बाई आहे. तर आज तोच विषय घेऊ. गोष्ट घरची आहे, पण तिच्या मागं शंभर वर्षांचा इतिहास आहे.

फेब्रुवारी २०२२. कोरोनामुळे दोन वर्षं आम्ही कुठंच गेलो नव्हतो. महाशिवरात्र मंगळवारी आली होती, मधल्या सोमवारची रजा टाकली आणि आम्ही पाच जणं मुंबईला नणंदेकडे जोगेश्वरीला गेलो. मी, आमचे हे, सासूबाई आणि दोन मुलं. मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते. रविवारी, २७ तारखेला, सकाळीच निघालो. दोन डोसचं सर्टिफिकेट दाखवून तिकीट काढलं, लोकलमध्ये जागाही मिळाली. वांद्रं सोडलं आणि गाडी हळू होत होत थांबली. डोक्यावरचे पंखे थांबले. पाचएक मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग सगळे मोबाइल एकदम वाजायला लागले. दादर, परळ, माटुंगा, भायखळा, चर्चगेट, सगळीकडची लाईट गेली होती.

आमचा पाच वर्षांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "लोडशेडिंग झालं."

डब्यातल्या बायका हसल्या. सासूबाईंनी तर पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. लाईट गेली की बसून घ्यायचं, खाऊन घ्यायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. काही पोरं खाली उड्या मारून रुळांवरून चालायला लागली. समोरची एक बाई मात्र फार घाबरली होती. तिचा सारखा फोन चालू होता, कारण तिच्या घरी आजारी माणूस मशीनवर होतं. तिला बघेपर्यंत, खोटं कशाला सांगू, मला थोडी गंमतच वाटत होती. घ्या म्हटलं, आता तुम्हीही बघा.

ही गंमत कुठून आली ते सांगते. माझं माहेर पैठण तालुक्यातलं. दहावीला होते २००६ साली, ती सगळी वर्षं भारनियमनाची. वर्तमानपत्रात रोज वेळापत्रक यायचं आणि त्याच्या वर दोन शब्द असायचेच: 'मुंबई वगळता'. मुंबई वगळता राज्यात इतके तास वीज बंद. आमच्याकडे बारा-बारा तास लाईट नसायची. आई रात्री दोनला उठून दळण टाकायला जायची, कारण गिरणीला तेव्हाच थ्री फेज मिळायची. पाणी भरायचं तेही मोटर चालेल त्या वेळेला. मी चिमणीच्या उजेडात अभ्यास करायचे, आणि सकाळी नाकात काजळी असायची. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या नाकात असेल. पुढं कॉलेजात इतिहास घेतला तरी हा 'मुंबई वगळता' कुठून आला ते कुणी शिकवलं नाही. लोकल थांबली, त्यानंतर मी ते शोधून वाचलं.

मुंबईची वीज सुरुवातीपासूनच वेगळी. सह्याद्रीत पाऊस प्रचंड पडतो. ते पाणी लोणावळ्याजवळ तलावांत अडवायचं, मोठ्या नळांतून घाटाखाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही टाटांची योजना. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. पहिली गिऱ्हाइकं होती मुंबईच्या कापडगिरण्या. मग १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. लोकलही त्याच काळात विजेवर आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, आणि ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली. म्हणजे आम्ही ज्या मार्गावर दशम्या खात बसलो होतो, तिथं विजेच्या गाड्यांना चौऱ्याण्णव वर्षं झाली होती.

पण भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधलं, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं आणि घरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला तिथं सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, आणि त्यातूनच ते 'सेनापती' बापट झाले. बायकाही त्यात उतरल्या होत्या. धरण झालंच. मला हे वाचताना फार लागलं, कारण आमच्या घरची जमीनही नाथसागरात गेलेली आहे. शास्त्रीजींनी १९६५ ला जायकवाडीची पायाभरणी केली आणि १९७६ ला इंदिराजींनी उद्घाटन. माझे आजोबा दोन्ही तारखा तोंडपाठ सांगायचे.

बाकी महाराष्ट्रासाठी वीज मंडळ आलं ते १९६० मध्ये. २००५ ला त्याच्या कंपन्या झाल्या: एक वीज तयार करणारी, एक वाहून नेणारी, आणि बिल घेऊन आपल्या दारात येणारी महावितरण. मुंबई शहराला वीज देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यांची स्वतःची वीजघरं, ग्राहक जास्त पैसे भरणारे. त्यामुळे टंचाईच्या वर्षांत तिला वगळता आलं. आणि आपल्याकडे काय वीज तयार होत नव्हती का? परळीचं औष्णिक केंद्र १९७१ पासून आहे. २०१३ च्या दुष्काळात, फेब्रुवारीत, ते पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. पाणी आपलं, कोळशाची राख आपल्या अंगणात, तारा मात्र डोक्यावरून पुढं जातात.

आता मुंबईची लाईट टिकते कशी, ते. देशभरच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत. चार बायकांनी मिळून जड हंडा उचलावा तसं हे काम आहे. एकीनं हात सोडला की भार बाकीच्यांवर, मग दुसरीचा हात सुटतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेकडे हेच झालं. दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींवर लोक अंधारात होते, रेल्वे थांबल्या, दिल्लीची मेट्रो थांबली. आपल्या पश्चिम भागातली जोडणी तेवढी वाचली. अमेरिकेत २००३ मध्ये ओहायो राज्यात वीजवाहिन्या लोंबून झाडांना लागल्या आणि पुढं न्यूयॉर्कसकट जवळजवळ पाच कोटी लोकांची वीज गेली. झाडाची फांदी तारेला लागते हे काय आपल्याला सांगायला पाहिजे!

मुंबईनं यावर उपाय करून ठेवलाय. मोठी भिशी बुडायला लागली की आपला छोटा गट स्वतःचे पैसे घेऊन बाजूला होतो ना, तसं बाहेर गडबड झाली की शहर स्वतःला तोडून घेतं आणि आपल्या वीजघरांवर चालतं. चार दशकं ही सोय मुंबईच्या उपयोगी पडत आली. १२ ऑक्टोबर २०२० ला मात्र ती चालली नाही. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या मोठ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, एक तर आधीच दुरुस्तीला काढलेली होती. शहर तुटून बाजूला झालं, पण आत तयार होणारी वीज मागणीपेक्षा फारच कमी होती. अख्खी मुंबई, ठाणे, नवी मुंबई बंद. नंतर सायबर हल्ल्याची चर्चा झाली, केंद्रानं ती नाकारली, त्यात मी पडत नाही.

कोरोनाचे दिवस होते ते. महापालिकेला आदेश काढावा लागला की दवाखान्यांनी जनरेटरसाठी डिझेल भरून ठेवा. नणंदेच्या सासूबाई तेव्हा घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. मशीन बंद पडलं. घरात एक छोटा सिलिंडर होता, त्याचा काटा बघत नणंद बसून राहिली. लिफ्ट बंद, आठवा मजला, टाकीत पाणी नाही. "वहिनी, तुमच्याकडे निदान माहीत तरी असतं किती वाजता येणार," ती मला म्हणाली. नशिबानं सिलिंडर पुरला. हे तिनं त्या रविवारी रात्री सांगितलं, तोवर एका घरात राहूनही मला ठाऊक नव्हतं. सकाळच्या माझ्या गमतीचा मला संकोच वाटला. तो मी तिला बोलून दाखवला नाही.

आमची लोकल साधारण तासाभरानं हलली. समोरच्या बाईचा फोन लागला होता, घरी सगळं ठीक होतं. ती उतरताना सासूबाईंच्या पाया पडून गेली, का ते तिलाच माहीत. त्यांनी तिला फक्त अर्धी दशमी दिली होती. राणीची बाग राहिलीच. उशीर झाला, ऊन वाढलं, आईंचे गुडघे धरले. मुलांना चौपाटीवर नेलं आणि पेंग्विनवरून परत येईपर्यंत रुसवा चालला.

परतीची गाडी दिवसाची होती. आमच्या ह्यांनी मुलाला खिडकीतून विजेच्या तारा दाखवल्या आणि सांगितलं की मनमाडच्या पुढं आपल्याकडे गाड्या डिझेलवर चालतात. तो म्हणाला, "आपल्याकडची लाईट गेली का?" सासूबाई म्हणाल्या, "गेली नाही रे, अजून आलीच नाही." त्यानंतर वर्षभरानं त्या मार्गावरही तार आली.

पुढच्या भागात गिरणीचं मीटर कसं वाचायचं ते बघू. बचत गटाच्या ज्या मैत्रिणींच्या घरी किंवा गिरणीवर वीजबिल असेल, त्यांनी मागच्या तीन महिन्यांची बिलं रेडिओजवळ घेऊन बसा.