अपत्यप्राप्तीपूर्वीचे तीन महिने : पुरुषांचा आहार आणि दिनचर्या

गर्भधारणा लांबली की तपासण्या, औषधे आणि व्रतवैकल्ये यांचा भार आजही आधी पत्नीवरच पडतो. वस्तुतः वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाशी निगडित कारण, एकटे किंवा अन्य कारणांच्या जोडीने, आढळून येते.

वृषणात शुक्राणू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. पुढे अधिवृषणात परिपक्व होण्यास आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणूनच आज सुरू केलेल्या पथ्याचा परिणाम पाहण्यास किमान तीन महिने द्यावे लागतात. शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान ही वृषणांची गरज असते. भट्टीजवळचे काम, गरम पाण्याचे टब किंवा मांडीवर तासन् तास ठेवलेला लॅपटॉप त्यांना मानवत नाही.

आहारात डाळी, पालेभाज्या, फळे आणि मासळी असावी. बांगडा व तारली ओमेगा-३ स्निग्धाम्ले पुरवतात आणि गोमंतकात ती दुर्मीळ नाहीत. स्पेनमधील २०१८ च्या एका चाचणीत निरोगी तरुणांना १४ आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट देण्यात आले. शुक्राणूंची संख्या व गतिशीलता सुधारली. त्या मिश्रणात काजू नव्हता, हे येथे सांगणे भाग आहे. शिवाय अपत्यप्राप्ती वाढली का, हे त्या चाचणीत तपासलेच नव्हते.

जस्त आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा मात्र बराच गाजावाजा झाला. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध चाचणीत त्यांनी ना वीर्याची प्रत सुधारली, ना जिवंत जन्मांचे प्रमाण वाढले. त्या पैशांत बाजारातून ताजी मासळी आणलेली बरी.

तंबाखू, अतिमद्यपान आणि लठ्ठपणा हानिकारक आहेतच. त्याहून कमी ठाऊक असलेला धोका व्यायामशाळेतला आहे. शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने मेंदूकडून वृषणांना मिळणारा संदेश थांबवतात आणि शुक्राणूनिर्मिती जवळजवळ बंद पडू शकते. इंजेक्शने थांबवल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो.

आहाराने सर्वच दोष निवारत नाहीत. वृषणातील फुगलेल्या शिरा किंवा शुक्रवाहिनीतील अडथळा यांवर वैद्यकीय उपचारच हवेत. वर्षभर प्रयत्न करूनही, आणि पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतर, दोघांनीही तपासणी करून घ्यावी. वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवसांचा संयम पाळावा लागतो. पहिला अहवाल सदोष आल्यास चाचणी पुन्हा करून घेतली जाते, कारण एकाच पुरुषाच्या दोन नमुन्यांतही मोठा फरक पडतो.