नाटक-मैफलीतील सांकेतिक भाषा दुभाषी: काम काय असते आणि या क्षेत्रात कसे यायचे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात रिहानाचा कार्यक्रम झाला. त्यातील गाणी अमेरिकन सांकेतिक भाषेत सादर करणाऱ्या जस्टिना माइल्स यांचा व्हिडिओ जगभर व्हायरल झाला. माइल्स स्वतः बधिर आहेत. असे व्हिडिओ पाहून अनेकांना प्रश्न पडतो की हे काम नेमके काय आहे आणि भारतात ते करता येते का?

काम काय असते?

नाटक, मैफल, कीर्तन, स्टँडअप कॉमेडी किंवा कविसंमेलन सुरू असताना संवाद, गाणी आणि महत्त्वाचे आवाज कर्णबधिर प्रेक्षकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचवणे, हे या दुभाषांचे काम. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक लोकांनी श्रवणदोष नोंदवला होता. त्यातील सर्वांनाच सांकेतिक भाषा येते असे नाही. ज्यांची ती पहिली भाषा आहे, त्यांना मात्र दुभाषी नसेल तर नाटक म्हणजे फक्त हलणारे ओठ.

ही शब्दाला शब्द खूण नसते

भारतीय सांकेतिक भाषेला, म्हणजे आयएसएलला, स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नार्थक शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतो. ‘तू कुठे जातोस?’ हे साधारण ‘तू जाणे कुठे’ अशा क्रमाने मांडले जाते. ‘हो की नाही’ स्वरूपाचा प्रश्न भुवया उंचावून दाखवतात. म्हणजे चेहऱ्यावरचे भाव ही सजावट नसून व्याकरणाचाच भाग आहे.

जगभर एकच सांकेतिक भाषा आहे, हाही गैरसमजच. अमेरिकन मुळाक्षरे एका हाताने दाखवतात, तर भारतात इंग्रजी मुळाक्षरांसाठी दोन्ही हात वापरतात. आयएसएलमध्येही प्रदेशानुसार काही खुणा बदलतात.

मंचावर काम अवघड का?

बैठकीत किंवा दवाखान्यात दुभाषी समोरच्याला थांबवून पुन्हा विचारू शकतो. नाटकात ती सोय नाही. तमाशाच्या बतावणीतील हशा शब्दांच्या कोटीवर उभा असतो. ती कोटी खुणांत जशीच्या तशी उतरत नाही, त्यामुळे त्याच क्षणी हसू येईल असा दुसरा पर्याय आधीच शोधावा लागतो. पोवाड्यात नावे भराभर येतात. प्रत्येक नाव अक्षराअक्षराने दाखवत बसले तर दुभाषी मागे पडतो, म्हणून प्रमुख व्यक्तींसाठी खुणा आधी ठरवतात. नाट्यपदातील आलापात शब्दच नसतात. तिथे लय आणि भाव दाखवायचे, की प्रेक्षकांची नजर गायकाकडे जाऊ द्यायची, हाही निर्णयच असतो.

तयारी कशी होते?

संहिता हातात आली की दुभाषी तालमी पाहतात. दोघे असतील तर पात्रे वाटून घेतात. कोण बोलत आहे हे कळावे म्हणून शरीराची दिशा आणि देहबोली पात्रागणिक बदलतात. कपडे साधे, एकरंगी आणि हात उठून दिसतील असे निवडतात. मंचावर अंधार झाला तरी दुभाषावर प्रकाश राहील, हे प्रकाशयोजनाकाराशी बोलून ठरवावे लागते. दुभाषी आणि नट एकाच नजरेत दिसतील अशा खुर्च्याही कर्णबधिर प्रेक्षकांसाठी राखून ठेवाव्या लागतात.

बधिर कलाकारांचे स्थान

या क्षेत्रातील मोठा वाद इथेच आहे. थोड्याफार खुणा शिकून गाण्यांचे रील करणाऱ्या ऐकू येणाऱ्या व्यक्तींना लाइक मिळतात, पण अनेकदा बधिर प्रेक्षकांना त्यातले काही समजत नाही. म्हणून चांगल्या निर्मितीत सांकेतिक भाषेचे दिग्दर्शन किंवा सल्ला बधिर व्यक्तीकडे असतो. अमेरिकेतील डेफ वेस्ट थिएटरने २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आणलेल्या ‘स्प्रिंग अवेकनिंग’मध्ये बधिर आणि ऐकू येणारे नट एकत्र होते. दुभाषाने तपासून घ्यायची गोष्ट एकच: आपल्या कामाने बधिर व्यक्तीला मंच मिळतो की तिची जागा जाते?

शिक्षण कुठे?

भारतात पाया म्हणून आयएसएल दुभाषांसाठीचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असून तो बारावीनंतर करता येतो. नवी दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही त्यासाठीची प्रमुख ठिकाणे. दिल्लीच्या केंद्राने तयार केलेल्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार शब्द होते. प्रवेशाच्या अटी आणि शुल्क त्या-त्या वर्षीच्या सूचनेत पाहावे.

डिप्लोमातून सर्वसाधारण दुभाषाचे काम येते. रंगमंचाचे कौशल्य मात्र तालमीच्या जागी, नट आणि बधिर कलाकारांसोबत काम करूनच येते.

उत्पन्नाचे काय?

केवळ नाटक-मैफलींवर घर चालवणे कठीण आहे. हे काम कार्यक्रमागणिक मिळते आणि मानधन आयोजकाच्या अंदाजपत्रकावर ठरते. त्यामुळे शाळा-महाविद्यालये, दूरचित्रवाणी, न्यायालये आणि सरकारी कार्यक्रम यांतील काम मुख्य आणि कला हे जोडकाम, अशी घडी बसवणे व्यवहार्य ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी सांकेतिक भाषा किंवा उपशीर्षकांचा स्पष्ट उल्लेख आहे. नाट्यगृहातील प्रयोगाला दुभाषी मिळणे मात्र बरेचसे आयोजकाच्या इच्छेवर अवलंबून असते.

मानधन ठरवताना फक्त प्रयोगाचे दोन-तीन तास मोजू नयेत. संहितावाचन, तालमी आणि बधिर सल्लागाराचे मानधन हे सगळे सुरुवातीलाच लेखी ठरवावे.

सुरुवात कुठून करावी?

- आधी भाषा शिकावी, शक्यतो बधिर शिक्षकाकडून.
- जवळच्या कर्णबधिर संघटनेच्या कार्यक्रमांना नियमित जावे. बोलण्याचा सराव तिथेच होतो.
- डिप्लोमा आणि पुनर्वसन परिषदेची नोंदणी पूर्ण करावी.
- पहिला प्रयोग एकट्याने न घेता अनुभवी दुभाषासोबत घ्यावा.
- प्रयोगानंतर बधिर प्रेक्षकांना काय समजले आणि काय निसटले, हे विचारावे. टाळ्यांपेक्षा ते उत्तर अधिक उपयोगी पडते.