पोट उघडे ठेवून प्राण वाचविताना

‘शस्त्रक्रिया झाली, पण पोट अजून शिवलेले नाही,’ असे डॉक्टरांनी सांगताच नातेवाइकांच्या पायाखालची जमीन सरकते. मात्र गंभीर जखमींच्या बाबतीत हा हलगर्जीपणा नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात ट्रॅक्टर उलटणे, बैलाने शिंग मारणे किंवा रस्त्यावरील अपघात यांमुळे पोटाला मुका मार बसून यकृत, प्लीहा वा आतडी फाटू शकतात.

पोट का शिवत नाहीत?

अतिरक्तस्रावाने शरीर थंड पडते, रक्तातील आम्लता वाढते आणि रक्त गोठेनासे होते. अशा वेळी लांबलेली शस्त्रक्रियाच जिवावर बेतते. म्हणून प्रथम केवळ रक्तस्राव थांबवून फाटलेले आतडे बंद करतात. त्यानंतर अतिदक्षता विभागात ऊब व रक्त देऊन साधारणतः २४ ते ७२ तासांनी उर्वरित शस्त्रक्रिया केली जाते. नौदलाच्या परिभाषेतील ‘डॅमेज कंट्रोल’ हे नाव या पद्धतीला १९९३ मध्ये फिलाडेल्फियातील शल्यचिकित्सकांनी दिले.

सुजलेली आतडी बळेच आत सारून टाके घातल्यास पोटातील दाब वाढतो. तो पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर टिकून राहिला, तर मूत्रपिंडे व फुफ्फुसे निकामी होऊ लागतात.

तात्पुरत्या पद्धती

* चिमटे : केवळ कातडी चिमट्यांनी जोडतात. काम झटपट होते. पण दाब वाढण्याचा धोका राहतो.
* सलाईनची पिशवी : निर्जंतुक पिशवी कापून जखमेच्या कडांना शिवतात. कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. ओस्वाल्दो बोराएस यांनी १९८४ मध्ये ती वापरली. म्हणून ‘बोगोटा बॅग’. ती स्वस्त असून आतील आतडी बाहेरून दिसतात.
* निर्वात आवरण : आतड्यांवर छिद्रे असलेले प्लॅस्टिक, त्यावर कापड वा स्पंज ठेवून यंत्राने द्रव शोषून घेतात.
* जाळी : कडांना शिवलेली जाळी टप्प्याटप्प्याने आवळून पोट मिटवीत आणतात.

धोके

पोट फार दिवस उघडे राहिल्यास आतड्याला छिद्र पडून मळ जखमेतून वाहू लागतो. पुढे हर्नियाही होतो. म्हणून शक्यतो आठवडाभरात पोट कायमचे बंद करण्याचा प्रयत्न असतो.

रुग्ण हलविताना

परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडचे त्याहून जुने. लहान रुग्णालयात रक्तस्राव थांबवून, पिशवीने पोट झाकून रुग्णाला मोठ्या केंद्रात नेता येते. अशा वेळी पोटात दाबपट्ट्या ठेवल्या असल्यास त्यांची संख्या व शस्त्रक्रियेची वेळ कागदावर नोंदलेली हवी. तो कागद नातेवाइकांनी जपून सोबत न्यावा आणि पोटावरील आवरणाला हात लावू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे.