ऊसतोडणी स्थलांतरित आणि सेवासंस्थांचा विस्तार : अहमदनगर जिल्ह्यातील आरोग्य व शिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

स्थलांतरित समूहांच्या आरोग्य, शिक्षण व समाजसेवाविषयक गरजांचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा परदेशातून किंवा परप्रांतातून आलेल्या लोकांकडे वळते. अहमदनगर जिल्ह्याचे (2024 पासून अहिल्यानगर) वैशिष्ट्य असे की, येथे स्थलांतराचा आरंभ आणि मुक्काम ही दोन्ही टोके एकाच जिल्ह्याच्या हद्दीत सापडतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे अवर्षणप्रवण तालुके आणि शेजारचा बीड जिल्हा येथून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे बाहेर पडतात. त्यांतील काही प्रवरा व गोदावरी खोऱ्यातील राहाता, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, राहुरी या बागायती पट्ट्यात उतरतात, तर काही त्याही पलीकडे पुणे, सातारा, कोल्हापूर व कर्नाटकापर्यंत जातात. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ती परततात. जिल्हा तोच, भाषा तीच, देवही तेच. तरीही ऊसतोडणी कामगार बागायती गावाच्या दृष्टीने परकाच राहिला. ग्रामीण सेवासंस्थांच्या बाबतीत महाराष्ट्रात अग्रेसर मानल्या गेलेल्या जिल्ह्यात असे का घडावे, या प्रश्नाचा ऐतिहासिक शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कालवा, कारखाना आणि कोयता

भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरा खोऱ्याचे अर्थकारण बदलले. गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव परिसरात हा बदल त्यापूर्वीच सुरू केला होता. बेलापूर कंपनीचा हरेगाव येथील कारखाना हा या कालव्यांच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या खाजगी कारखानदारीचा महत्त्वाचा टप्पा होय. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली लोणी परिसरातील शेतकऱ्यांनी प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950-51 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढील दोन-तीन दशकांत कोपरगाव, संगमनेर, राहुरी, भेंडा, सोनई अशी कारखान्यांची मालिकाच जिल्ह्यात निर्माण झाली.

या इतिहासाचे लेखन विपुल आहे. परंतु ते प्रामुख्याने ऊस पिकवणाऱ्याचे आहे, ऊस तोडणाऱ्याचे नाही. उसाचा गुणधर्मच असा की, तोडल्यानंतर तो लवकर गाळावा लागतो, अन्यथा उतारा घटतो. त्यामुळे कारखान्याला रात्रंदिवस, ठरलेल्या क्रमाने तोडणी करणारे मनुष्यबळ हवे असते आणि तेही केवळ पाच-सहा महिन्यांसाठी. स्थानिक मजुरापेक्षा बाहेरून आलेला, शेताच्या कडेला राहणारा आणि उचल घेतल्यामुळे मध्येच सोडून जाऊ न शकणारा मजूर या गरजेला अधिक सोयीचा ठरला. 1972 च्या दुष्काळाने कोरडवाहू तालुक्यांतून या प्रवाहाला मोठी गती दिली.

या व्यवस्थेत ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यात जोडीला उचल देतो आणि हंगामभराच्या तोडणीतून ती फेडली जाते. हिशोब जोडीचा, पैसा बहुधा पुरुषाच्या हाती. परिणामी निम्मे श्रम करणाऱ्या स्त्रीचे नाव कोणत्याही वहीत स्वतंत्रपणे येत नाही. मजुरीचा एकक जोडी असल्याने मुलामुलींची लग्ने लवकर उरकण्याकडे कल राहिला, ही बाबही येथे लक्षात घ्यावी लागते.

सभासदाची संस्था

सहकारी कारखान्यांनी केवळ साखर तयार केली नाही, तर शाळा, महाविद्यालये व रुग्णालये उभारली, हे सर्वमान्य आहे. प्रवरा परिसरात 1964 मध्ये पब्लिक स्कूल, 1970 च्या दशकात ग्रामीण रुग्णालय आणि 1984 मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. संगमनेर, कोपरगाव, सोनई येथेही शिक्षणसंस्थांचे जाळे विणले गेले. ऊस उत्पादकाच्या टनामागील रकमेतून केलेली कपात हा अशा कामांचा एक आधार होता. ग्रामीण भांडवलाचा इतका विधायक विनियोग देशात अन्यत्र क्वचितच आढळेल.

तथापि, सहकाराचा पाया सभासदत्व हा आहे आणि सभासद म्हणजे ऊस उत्पादक शेतकरी. कारखान्यातील कायम कामगाराला संघटना, वेतनमंडळ व भविष्यनिर्वाह निधी यांचा आधार मिळाला. तोडणी कामगार मात्र या दोन्हींत बसला नाही. तोडणी-वाहतुकीसाठी स्वतंत्र संस्था वा ठेकेदार, त्याखाली मुकादम आणि मुकादमाखाली कोयता, अशी उतरंड असल्याने मालक नेमका कोण, हा प्रश्न कायम अनुत्तरित ठेवणे सर्वांनाच सोयीचे झाले. ज्या टनावर शाळेसाठी कपात होत होती, तो टन तोडणाऱ्याचे मूल त्या शाळेपासून दोन-तीन मैलांवरील कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असे. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. संस्थेच्या घटनेतच तो नव्हता, एवढेच.

दुसऱ्या टोकालाही चित्र असेच होते. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित स्त्रीला प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका बनविण्याचा हा प्रयोग जगभर अभ्यासला गेला. त्याचे सामर्थ्य गावात होते. घरोघर ओळख असलेली बाई गर्भवतीची नोंद ठेवत असे, बाळाचे वजन करीत असे. परंतु ऊसतोडणीला जाणारी गर्भवती स्त्री ऐन सहाव्या-सातव्या महिन्यात गाव सोडून गेली की तिच्या नवीन मुक्कामी तिला ओळखणारे कोणीच नसे. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला आदर्श ग्रामीण आरोग्य प्रकल्प, दुसऱ्या टोकाला सुसज्ज रुग्णालय आणि मधल्या सहा महिन्यांत दोन्हींच्या बाहेर राहिलेले कुटुंब, असा हा भूगोल आहे.

कोपीतील आरोग्य

कामगारांचा तळ कारखान्याजवळ किंवा शेतालगत पडतो. चटई, बांबू व पाचट यांची कोपी, कालव्याचे वा विहिरीचे पाणी, शौचालय व न्हाणीचा अभाव, हे वर्णन अनेक दशके फारसे बदलले नाही. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहाव्या लागतात आणि वाहन रात्री आले तर रात्री भरावे लागते. कोयत्याच्या जखमा, सर्पदंश, पाठीचे व गर्भाशयाचे विकार या जीवनक्रमाशी निगडित आहेत. अलीकडच्या काळात संगमनेर, राहुरी, अकोले भागात उसाच्या फडात बिबट्याचे वास्तव्य वाढल्यापासून उघड्या कोपीतील लहान मुलांच्या जिवाचा नवाच प्रश्न उभा राहिला आहे.

या व्यवस्थेत आजारपणाची किंमत खाड्याने मोजली जाते. एक दिवस काम चुकले तर मजुरी जाते आणि वर दंडही लागतो. मासिक पाळी वा अंगावरून जाणे अशा तक्रारींवर विश्रांती हा उपचार शक्यच नसल्याने शस्त्रक्रियेचा मार्ग सोपा वाटू लागला. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा 2019 मध्ये विधिमंडळात झाली व नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आकडे बीडचे आहेत. पण कोयत्याची पद्धत पाथर्डी-शेवगावात वेगळी नाही.

साखरशाळा

शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे मूल पहिले सत्र गावात शिकते आणि दुसऱ्या सत्रात पटावर राहते, वर्गात नसते. यावर उपाय म्हणून कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा सुरू झाल्या. जनार्थसारख्या स्वयंसेवी संस्थांनी एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांना शिस्तबद्ध रूप दिले. तळाजवळ वर्ग, कामगारांच्या वेळेशी जुळणारे वेळापत्रक आणि परत जाताना गावच्या शाळेत दाखवता येईल असे प्रगतीचे प्रमाणपत्र, ही त्यांची बलस्थाने होती. उणिवाही होत्याच. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन वर्गात येई, तळ हलला की वर्ग मोडे.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक बालकाने औपचारिक शाळेतच शिकावे, हे तत्त्व मान्य झाले आणि अनौपचारिक साखरशाळांचा आधार हळूहळू संपला. त्याऐवजी कामाच्या ठिकाणच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेश, सोबत नेण्याचे शिक्षण हमी पत्रक आणि आजी-आजोबांजवळ गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असे उपाय योजले गेले. तत्त्व म्हणून हा बदल पुढचे पाऊल होता. व्यवहारात मात्र शाळा तळापाशी जाण्याऐवजी मुलाने शाळेपाशी जावे, अशी अपेक्षा निर्माण झाली, आणि उसाच्या फडातून दोन-तीन किलोमीटर चालत जाणारे सात वर्षांचे मूल हा त्या अपेक्षेतील कच्चा दुवा ठरला. 2021 मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर केली. भगवानगड पाथर्डी तालुक्यातच असल्याने या नावाला स्थानिक अर्थ आहे.

नोंद कोणाची, कुठे

कामगार चळवळीने मजुरीचा प्रश्न लावून धरला. पाथर्डीचे बबनराव ढाकणे, बीडचे गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली संप झाले, दरवाढीचे करार झाले. प्रतिटन दर हा मागण्यांचा केंद्रबिंदू राहिला व आरोग्य-शिक्षण मागे पडले, अशी टीका करता येईल. परंतु पोट हातावर असलेल्या संघटनेकडून वेगळी अपेक्षा करणे फारसे न्याय्य नाही. कायद्याचे साहाय्यही तोकडे होते. 1979 चा स्थलांतरित कामगार कायदा आंतरराज्यीय कामगारांपुरता होता. बीडहून श्रीरामपूरला किंवा पाथर्डीहून प्रवरानगरला आलेला मजूर त्याच्या व्याख्येतच बसत नव्हता.

अमेरिकेने 1962 मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि 1966 मध्ये त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. तेथील मजुराची स्थिती आदर्श झाली असे नव्हे. पण पिकामागे फिरणारे कुटुंब हा सेवेचा स्वतंत्र घटक आहे, एवढे शासनाने मान्य केले. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, शिधापत्रिका यांची सारी रचना गावच्या लोकसंख्येवर आधारलेली राहिली. 2001 व 2011 च्या जनगणनेतील प्रत्यक्ष गणना फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गाळपात झाली, हेही विसरता येत नाही. कुटुंबासोबत हंगामभर फिरणारी नोंद एकच असते, ती म्हणजे मुकादमाची उचलीची वही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा राज्यात एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले. 17 एप्रिल 2020 रोजी शासनाने त्यांच्या परतीला परवानगी दिली. मात्र प्रत्येकाची आरोग्य तपासणी आणि कुटुंबासह नावांची यादी करण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकली. कामगाराचे नाव, गाव, सोबतची मुले आणि प्रकृती यांची नोंद कारखान्यांनी थोड्याच दिवसांत केली. पट्टा पडल्यावर, निरोप देताना.