‘गेला नाही’ आणि ‘डिड नॉट वेंट’

मराठीच्या अध्यापकांनी इंग्रजी क्रियापदांविषयी लिहावे, हा अधिकाराचा अतिक्रम वाटण्याचा संभव आहे. तरीही लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. कसबा बावड्यातून आणि पंचगंगेकाठच्या आसपासच्या गावांतून येणारे आमचे विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला जे विचारायला धजत नाहीत, ते मराठीचा तास संपल्यावर व्हरांड्यात आम्हांला विचारतात. इंग्रजीच्या तासाला प्रश्नही इंग्रजीतच विचारावा लागेल आणि त्या प्रश्नातच क्रियापद चुकेल, ही धास्ती त्यामागे असते.

प्रश्न ठरलेले असतात. ‘डिड’नंतर ‘वेंट’ का चालत नाही? वाक्यात ‘यस्टरडे’ आले की ‘हॅव सीन’ का चुकते? ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ यातल्या ‘आहे’चे ‘वॉज’ का होते? गेली वीस वर्षे हेच प्रश्न आम्ही ऐकत आहो. मुले बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. एवढी मुले एकमेकांना न विचारता एकच चूक करत असतील, तर तिला केवळ अज्ञान म्हणून भागणार नाही. त्या चुकीमागे काही नियम असला पाहिजे. तो शोधू गेलो, तेव्हा मराठी व्याकरणाच्याच इतिहासात शिरावे लागले.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. ‘मराठीचे पाणिनी’ हे बिरुद त्यांना पुढे लाभले. परंतु त्यांच्या मांडणीवर पाणिनीइतकीच, किंबहुना अधिक, छाप त्या काळच्या इंग्रजी व्याकरणाची होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या व्याकरणविषयक निबंधांत दादोबांच्या मतांची चिकित्सा केली, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त हा सारा वारसा पुन्हा तपासला. पण शाळेच्या फळ्यावर काळांचे जे कोष्टक उरले, त्याच्या चौकटी इंग्रजीशी जुळणाऱ्याच राहिल्या. परिणाम असा झाला की इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलाला प्रत्येक इंग्रजी काळासाठी एक मराठी नाव आयतेच मिळाले. नाव एक, म्हणजे वस्तूही एकच, असे त्याने धरून चालणे स्वाभाविक होते.

हीच समजूत घरोघर रुजवली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने. आधी नियम, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी, ही तिची रीत. ज्या गावात इंग्रजीचा मास्तर नव्हता, तेथे ही पाठमालाच मास्तर झाली. तिचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मात्र वाक्यासमोर वाक्य ठेवण्याच्या या पद्धतीत दोन भाषांमध्ये जणू बरोबरीचे चिन्ह येऊन बसले. ते चिन्ह कोठे खोटे ठरते, हे सांगायचे राहून गेले.

ते कोठे खोटे ठरते ते पाहू. ‘तो गेला नाही’ या मराठी वाक्यात भूतकाळ ‘गेला’ या रूपात आहे. ‘नाही’ला त्या भूतकाळाशी कर्तव्य नाही. मुलगा ‘डिड नॉट’ला ‘नाही’ समजतो आणि ‘वेंट’मध्ये भूतकाळ जपून ठेवतो. मराठीच्या हिशेबाने तो अगदी बरोबर आहे. इंग्रजीत मात्र भूतकाळाचे ओझे ‘डू’ने आपल्याकडे घेतले आणि मुख्य क्रियापद मोकळे झाले. हीसुद्धा तेथे अनादी व्यवस्था नव्हे. शेक्सपिअरच्या काळी मुख्य क्रियापदाला थेट ‘नॉट’ जोडण्याची रीत आणि ‘डू’ची रीत शेजारीशेजारी नांदत होत्या; नंतरच्या शतकांत दुसरी पक्की झाली. बावड्याच्या मुलाला जे अडते, ते इंग्रजांच्या पूर्वजांनाही सुरुवातीपासून ठाऊक नव्हते, एवढे सांगितले तरी त्याची मान वर होते.

‘हॅव’ची गोष्ट याहून मनोरंजक आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘माझे बावड्यात घर आहे’ या तिन्ही वाक्यांत मराठी मालकी सांगते, पण ‘हॅव’ला तोडीस तोड क्रियापद तिच्याजवळ नाही. आपण ‘असणे’वरच काम भागवतो. त्यातच ‘पूर्ण वर्तमानकाळ’ असे नाव शिकवले जाते. ‘हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. इंग्रजीला ‘गेल्या वर्षी’ आणि ‘हॅव’ यांची सोयरीक मान्य नाही. तिच्या दृष्टीने ‘हॅव’ची कृती आजपर्यंत पोचलेली असते, आणि तारीख सांगितली की ती कृती मागे पडते. त्याच न्यायाने ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो आहे’ याला मुलगा ‘ॲम लिव्हिंग’ म्हणतो. मराठीला येथे साधा चालू वर्तमान पुरतो, इंग्रजीला ‘हॅव बीन’ लागते.

‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ या वाक्यात मराठी माणूस बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवतो. काळही त्याचा आणि ‘मी’ही त्याचाच. इंग्रजी ते शब्द सांगणाऱ्याच्या जागेवरून पाहते, म्हणून ‘मी’चा ‘तो’ होतो आणि ‘आहे’ मागे सरकते. आजारपण अजून चालू असेल तर जिवंत इंग्रजीत ‘इज’ही चालून जाते, हे मात्र परीक्षेच्या पुस्तकात क्वचितच सांगितले जाते.

आता उलट बाजूने पाहा. ‘मुलीने आंबा खाल्ला’, ‘मुलीने पोळी खाल्ली’. येथे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. हा कर्मणी प्रयोग पाच वर्षांचे मूल बिनचूक बोलते. परक्या प्रौढाला तो वर्षानुवर्षे छळतो. ज्या मुलीने हे साधले, तिला पुढे ‘व्याकरण येत नाही’ म्हणून लाजवणे कोणत्या न्यायात बसते?

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही, हे कोल्हापुरात विशेष जाणवते. न्यायमूर्ती रानड्यांचे आरंभीचे इंग्रजी शिक्षण याच शहरात झाले. गोपाळ कृष्ण गोखलेही काही काळ येथे शिकले. राजाराम महाविद्यालय १८८० चे. पण हे इंग्रजी दीर्घकाळ थोड्या घरांपुरते राहिले. २६ जून १८७४ रोजी बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात जन्मलेल्या शाहू महाराजांना राजकोटचे राजकुमार महाविद्यालय आणि धारवाडला फ्रेझरसारखा शिक्षक लाभला. त्यांनी स्वतः मात्र १९०१ पासून वसतिगृहे उभारली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढून शाळेचे दार सर्वांना उघडले. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आले, जून २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. आज बावड्यातच अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दारे उघडत गेली. तरी घरात इंग्रजीचा शब्द नसलेले शेतकऱ्याचे किंवा साखर कारखान्यातल्या कामगाराचे मूल त्या दारांशी येते, तेव्हा एका क्रियापदापाशी अडखळते आणि आपली बुद्धीच उणी आहे असे समजून मागे फिरते. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली. ते पचत कसे नाही याची चौकशी मात्र आपण थोडीच केली.

ती चौकशी इतरत्र झाली. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांना आढळले की परक्या विद्यार्थ्याला शब्दाच्या अर्थापेक्षा क्रियापदाची चालच अधिक अडते. त्यांनी सहकाऱ्यांसह क्रियापदांच्या रचनांचे साचे दाखवणारा कोश तयार केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध विद्यार्थी-कोशाचा पाया ठरला. चुकीचा आदर केल्याखेरीज असे काम होत नाही.

आम्ही आमच्यापुरते एक करतो. प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला आधी तेच वाक्य मराठीत लिहायला सांगतो, आणि यात काळ कोणत्या शब्दात बसला आहे ते शोधायला लावतो. मग इंग्रजीत तो कोठे बसतो ते पाहायचे. पुष्कळदा उत्तर त्याचे त्यालाच सापडते. इंग्रजी लगेच अस्खलित होत नाही, परंतु भीती ओसरते. शिवाय आपण मराठीत केवढे गुंतागुंतीचे व्याकरण सहज वागवतो, हे त्याला प्रथमच कळते. इंग्रजीची ही वाट मराठीच्या वर्गावरून जाते, असे आमचे मत झाले आहे. दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकदा एकाच फळ्यापाशी उभे राहावे, एवढीच आमची विनंती आहे.