चिखलदरा परिसरातील वनस्पतिदृश्य

चिखलदरा हे महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण असून ते सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसले आहे. येथील वृक्ष, झुडपे, वेली व गवत यांच्या एकत्रित रचनेतून या डोंगरी परिसराचे वनस्पतिदृश्य घडते. उद्यानासाठी त्याची योग्यता ठरवताना शोभेबरोबरच माती, पाणी, वन्यजीव व स्थानिक लोकजीवन यांचाही विचार करावा लागतो.

मूळ वनश्री

चिखलदऱ्याभोवतीचे मेळघाटातील वन शुष्क पानझडी प्रकारचे असून साग हा त्यातील प्रमुख वृक्ष आहे. त्याच्या जोडीस ऐन, धावडा, मोह, तेंदू, आवळा व बांबू आढळतात. उथळ मातीच्या खडकाळ उतारांवर सालई तग धरते. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे. अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्यही याच वनपट्ट्यात येते.

ऋतुमानानुसार बदल

पावसाळ्यात साग फुलतो, फाल्गुनाच्या सुमारास पळस व काटेसावर, तर उन्हाळ्यात बहावा बहरतो. उन्हाळ्यातील पानगळ हा वृक्षांचा पाणी वाचवण्याचा उपाय आहे. त्यामुळे निष्पर्ण डोंगर उजाड समजून तेथे बारमाही हिरव्या शोभेच्या झाडांची लागवड करणे या परिसंस्थेस अनुकूल ठरत नाही. केवळ एका ऋतूतील पाहणीवरून केलेले मूल्यमापन अपुरे असते.

बाहेरून आलेल्या वनस्पती

कॉफीची लागवड हे चिखलदऱ्याचे विदर्भातील वैशिष्ट्य होय. कॉफीस सावली मानवत असल्याने तिच्यासाठी मोठे वृक्ष राखता येतात. याउलट, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील घाणेरी शोभेसाठी भारतात आणली गेली. परंतु तिची दाट जाळी गवत व रोपट्यांना वाढू देत नाही आणि तृणभक्षी प्राण्यांचा चारा घटतो. फुलांची आकर्षकता म्हणजे योग्यता नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मूल्यमापनाचे निकष

- माती व उतार: मुळांनी माती धरून ठेवणे.
- पाणी: उन्हाळ्यात सिंचनाविना टिकणे.
- पुनरुत्पत्ती: मूळ वृक्षांची रोपटी नैसर्गिकरीत्या वाढणे.
- वन्यजीव: चारा, फळे व ढोली उपलब्ध होणे.
- लोकोपयोग: कोरकू समाजाच्या जीवनातील मोहासारख्या वृक्षांचे जतन.
- दृश्य: दऱ्या व गाविलगड किल्ल्याकडील देखावे झाडीने न झाकले जाणे.