माळ्यावरचं गाठोडं सोडू नका, मंडळात न्या

धुळेकरांनो, 2027 साली आपल्या राजवाडे संशोधन मंडळाची शंभरी भरतेय. सत्कार होतील, भाषणं होतील, फ्लेक्सही लागतील. त्याआधी एक कामाची गोष्ट बोलतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी आपल्या धुळ्यातच वारले. त्यांनी जन्मभर जमवलेले कागद आणि टिपणं वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून इथल्या लोकांनी 1927 मध्ये हे मंडळ उभं केलं. भा. वा. भट त्यात पुढे होते. मोडी कागद, हस्तलिखितं, नाणी, जुन्या मूर्ती असा संग्रह झाला, ‘संशोधक’ त्रैमासिक निघालं. नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आत किती जण जाऊन आलो, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

राजवाड्यांनी केलं काय? गावोगाव फिरून लोकांच्या घरातली दप्तरं उघडायला लावली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये आला. त्यात 1750 ते 1761 ची, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. असे 22 खंड त्यांनी काढले. बखरी बऱ्याचदा मागाहून, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या. पत्र मात्र त्या दिवसाचं, त्या माणसाचं. म्हणून त्यांनी पत्राला वरचं स्थान दिलं.

आता मुद्द्यावर येतो. जुन्या मोडी पत्रावर तारीख बहुतेक वेळा ‘छ 5 रजब’ अशी असते. ‘छ’ म्हणजे चंद्र. तिथी कळते, महिना कळतो, पण साल लिहिलेलंच नसतं. मग ते काढायचं कसं? त्याच रुमालात बांधलेल्या शेजारच्या कागदांवरून. म्हणजे एक ‘भारी दिसणारा’ कागद काढून फ्रेम केला आणि बाकीचे रद्दीत घातले, तर तो फ्रेममधला कागदही मुका होतो.

वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. आपल्या भागातले वाडे पडताना पाहिलेत. सागाचे खांब, दरवाजे यांचा भाव आधी ठरतो. कागदांचं गाठोडं शेवटी निघतं, तेही वजनावर. त्यात महाराजांचं पत्र असेलच असं नाही. पण वतनाचा तंटा, दुष्काळातलं कर्ज, विहिरीच्या पाण्याची वाटणी असू शकते. आपल्या गावाचा इतिहास याच्यातच सापडायचा.

म्हणून एवढं करा. गाठोडं सापडलं तर क्रम मोडू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, चिकटपट्टी लावू नका. कुठल्या घरात, कुठल्या पेटीत मिळालं ते चिठ्ठीवर लिहा आणि अख्खं गाठोडं मंडळात दाखवा. द्यायचं की नाही ते नंतर ठरवा. आणि घरात कॉलेजात जाणारं पोरगं असेल तर त्याला मोडी शिकायला लावा. कागद वाचले, पण ते वाचणारेच उरले नाहीत, तर काय उपयोग?

शंभरीला हार-तुरे कमी आले तरी चालतील. चार गाठोडी आली पाहिजेत.